दर्भाचा कावळा

एका राज्यात हंबीरदेव नावाचा राजा होता, तो मेला. मरतात सगळेच; पण हा उसनवारी मागं ठेवून मेला. कुणाकडे चांगलं काही दिसलं की मांत्रिकाकरवी उसनं आणायचं, आणि परत द्यायचं नाव नाही. मुलगा एकच, जयपाळ. त्याला हे ठाऊक होतं, पण तोंडातून काढायची लाज.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. झाडावर कावळेच कावळे, शिवेना एकही. अशा वेळी मुलानं मोठ्यानं सांगायचं असतं, की तुमचं राहिलेलं मी पुरं करीन. पण समोर बसलेले परमुलखांचे राजे! जयपाळ म्हणाला, तुमच्या गाई सांभाळीन. कावळ्यांनी माना फिरवल्या. म्हणाला, तुमची बाग शिंपीन. कावळे पिसं खाजवत बसले. म्हणाला, तुमच्या नावानं देऊळ बांधीन. एक कावळा त्याच्या तुळतुळीत डोक्यावर शिटला. उसनवारीचं अक्षर काढलं नाही पठ्ठ्यानं. ऊन चढलं, पाहुणे भुकेले. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला, आणि सगळे पानावर बसायला उठले.

तो दर्भाचा कावळा उडाला आणि जयपाळाच्या खांद्यावर येऊन बसला.

बापाच्या उशीवर डोकं ठेवलं की तो ओरडे, ही झोप भिकाजी नावाड्याची. बापाची पेटी उघडली की ओरडे, ही सावली धनगरवाडीच्या वडाची. पाहुणे एकमेकांना कोपरानं ढोसत. जयपाळाला घास गिळवेना.

शेवटी त्यानं विचारलं, "काकराज, आपण जाल कधी?"

कावळा म्हणाला, "तुझा बाप नदीकाठी उपाशी बसला आहे. त्याचं देणं तीन दारी आहे. स्वतः उचलून ने. दारात बापाचं नाव घेऊन सांग."

जयपाळ उशी घेऊन नावाड्याकडे गेला. भिकाजीचे डोळे जास्वंदीसारखे लाल. आजूबाजूला कुणी नाही बघून जयपाळ पुटपुटला. कावळा म्हणाला, मोठ्यानं. तेव्हा मोठ्यानं सांगितलं. भिकाजीनं उशी घेतली, नावेतच डोकं टेकलं आणि घोरत घोरत वाहून गेला.

मग पेटीतली सावली घोंगडीसारखी खांद्यावर टाकून तो धनगरवाडीला गेला. वडाखाली पसरली, तशा शेळ्या येऊन बसल्या. एक म्हातारी धनगरीण बघत होती.

"आणलीस व्हय? तुझ्या बापाला मांडवापुरती दिली हुती. माझा म्हातारा उन्हातच गेला, वाट बघून."

जयपाळानं मान खाली घातली. "त्याची भरपाई कुठून आणू, आजी?"

"कुठनं आणशील? बस. ताक पी."

ते ताक त्याला विखासारखं लागलं.

तिसरं दार बुरडाचं. तिथं काय न्यायचं विचारलं, तर कावळा म्हणाला, "ते तुझ्याजवळच आहे." दारात बुरडाची केवडा नावाची मुकी मुलगी टोपली विणत होती. कावळा म्हणाला, "तू जन्मलास तो घोगरा. बापानं हिचा गळा तुझ्यासाठी नेला."

आता जयपाळाचा गळा म्हणजे कसा, तो बोलला की हरणं चरायची थांबत. तो उंबऱ्याबाहेर मटकन बसला. घोगऱ्या राजाचं कोण ऐकणार? दिवस कलला तरी बसूनच. केवडानं मान वर केली, पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला, परत बांबूच्या कांब्या सोलायला लागली. तिच्या बोटांना चिरा पडलेल्या.

तो उठला. "केवडाबाई, हा गळा तुझा. माझ्या बापानं, हंबीरदेवानं नेला. आणि मी वापरला." शेवटचा शब्द खरखरतच निघाला.

केवडा खाकरली. म्हणाली, "एवढा वेळ लागतो व्हय रे, मेल्या?"

खांद्यावरचा कावळा सुटला. नुसत्या दर्भाच्या काड्या खाली पडल्या.

जयपाळानं नदीकाठी नवा पिंड ठेवला आणि सगळ्या राजांसमोर, त्या खरखरत्या आवाजात, तिन्ही दारांचं सांगितलं. कावळ्यांना आपलाच कुणी भाऊबंद बोलतोय असं वाटलं की काय, देव जाणे, झुंबड उडाली पिंडावर. हंबीरदेव सुटला.

जयपाळ गादीवर बसला. दरबारात बोलला की मानकरी मिशीत हसत; तो बोलणं पुरं करी. संध्याकाळी बुरूडआळीतून केवडाचं गाणं येई. राजा खिडकी उघडी ठेवून ऐके, पण तिकडे बघायचं धाडस त्याला कधी झालं नाही.

गोष्ट घ्या, घरी न्या. ही उसनी नाही, परत आणू नका.