समईच्या उजेडातला फोटो

नदीकाठच्या एका गावात भास्कर नावाचा भोळा फोटोवाला राहत होता. गावात आणखीही भोळे होते, पण कॅमेरा भास्करकडेच होता. वडील गेले आणि त्यांचा कॅमेरा याच्या गळ्यात आला. तेव्हापासून गावात लग्नं पूर्वीइतकीच व्हायची. फोटो मात्र कमी निघायचे.

भास्करचंही नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचं नाव रेवती. ती बोलायची कमी आणि गायची छान. तिचे वडील, आप्पा, गाण्याचे मास्तर. लग्न ठरवताना त्यांनी मानपानाचं काही काढलं नाही. एवढंच म्हणाले, "पोरीचं गाणं बंद करू नका." सासरची मंडळी हो म्हणाली. सासरची मंडळी हो म्हणतेच, हेही आप्पांना ठाऊक होतं.

चैत्रात गावात रामाचा उत्सव असे. रोज संध्याकाळी देवळात गाण्याची बैठक. यंदा शेवटच्या संध्याकाळी रेवतीने गायचं ठरलं. पण आप्पांचा पाय मोडलेला. त्यांनी निरोप धाडला, "मला यायला जमत नाही. गातानाचा एक फोटो पाठवा. बघितला की माझा जीव भांड्यात पडेल."

"एवढंच ना?" भास्कर म्हणाला.

एवढंच नव्हतं. गाणं सुरू झालं की विजेचे दिवे मालवायचे आणि फक्त समया ठेवायच्या, अशी त्या देवळाची रीत. फ्लॅश उडवायची सोय नाही. मागे एका पाहुण्याने उडवला होता. त्याचा कॅमेरा अजून नदीत आहे.

भास्कर तालुक्याला चौगुल्यांच्या स्टुडिओत गेला. चौगुल्यांनी आयुष्यभर पासपोर्ट फोटोच काढले होते. त्यामुळे बाकी सगळ्या फोटोंबद्दल त्यांची मतं ठाम होती.

"समईत फोटो? मग तुझी ही लेन्स चुलीत घाल," चौगुले म्हणाले. "ही घे, मोठ्या तोंडाची. जपानी आहे. मांजराला दिसत नाही ते हिला दिसतं. आणि हा फास्ट रोल, कमी उजेडातही चालतो. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवायचं, शटर सावकाश सोडायचं. लक्षात राहील?"

"राहील, काका."

राहिलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी सरपंचांच्या हस्ते पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं. भास्करने फास्ट रोल घातला, लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं आणि शटर सावकाश सोडलं. फोटो पांढराशुभ्र आला.

"मी कुठाय यात?" सरपंचांनी विचारलं.

"आहात की, साहेब. उजेडात गेलायत फक्त."

चौगुल्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, उन्हात कुणी असं करतं? स्लो रोल घालायचा. लेन्सचं तोंड बारीक करायचं. शटर झटकन सोडायचं."

"मग आधी सांगायचं ना, काका!"

उत्सव सुरू झाला. पहिल्या संध्याकाळी गावातल्याच बुवांचं भजन होतं. समया लागल्या. भास्करने स्लो रोल घातला, लेन्सचं तोंड बारीक केलं आणि शटर झटकन सोडलं. फोटो धुऊन आला तो रेवतीला दाखवला.

"अहो, हे काय आहे?"

"बुवा."

"कुठे?"

"ती समई दिसते ना, तिच्या डावीकडे."

"समई कुठे आहे?"

भास्करने फोटो फिरवून पाहिला. उलटा धरला तरी तेवढाच काळा होता.

"काळा आला म्हणजे उजेड कमी पडला," चौगुले म्हणाले. "फास्ट रोल, मोठं तोंड, सावकाश शटर, हे समईचं. ते उन्हाचं उन्हाला. आणि सावकाश शटर असेल तेव्हा समोरच्याने हलायचं नाही. हलला की फोटो फिसकटतो."

"नाही हलू देणार."

पुढच्या बैठकीला बाहेरगावचे मोठे गवई आले होते. डोळे मिटून, हात वर करून त्यांनी तान घेतली. तान ऐन रंगात आली आणि अंधारातून भास्कर ओरडला, "बुवा, हलू नका!"

बुवा दचकले ते तसेच राहिले. तोंड उघडं, हात वर. तबलजीचा हातही हवेतच.

"वा!" सरपंच म्हणाले. त्यांना पाण्याच्या टाक्यांतलं कळत असे. "याला म्हणतात विराम!"

मग सगळ्यांनीच माना डोलावल्या. न डोलावणारा अडाणी ठरला असता.

फोटो उत्तम आला. बुवांची पडजीभसुद्धा स्पष्ट. पण बुवा मानधनाचं पाकीट घेऊन जे निघाले ते जेवायलाही थांबले नाहीत. देवळाच्या पंचांनी भास्करला बोलावून घेतलं. "पुन्हा असं ओरडलास, तर सूनबाईंची बैठक रद्द."

रेवती त्या दिवशी जेवताना काही बोलली नाही. ती तशीही बोलत नसे, पण हे वेगळं होतं. एवढं भास्करलाही समजलं. तो पुन्हा चौगुल्यांकडे गेला.

"गवयाला 'हलू नका' म्हणतात का रे? गवई समेवर येतो तेव्हा क्षणभर आपणहून थांबतो. तबल्याकडे कान ठेव. सम आली की दाब. तोवर गप्प."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा ग्रुप फोटो होता. मुलं रांगेत उभी राहिली. पुढे खुर्चीवर हेडमास्तर. भास्कर कॅमेऱ्याला डोळा लावून गप्प.

"भास्करराव, काढा की!"

"सम यायचीय, सर."

ऊन चढलं. मागच्या रांगेतला एक जण खाली बसला. शेवटी शाळेचा टोल वाजला. भास्करने मान डोलावली आणि बटण दाबलं. फोटोत हेडमास्तर आले, खुर्ची आली आणि फाटकातून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या पाठी आल्या.

चौगुले आता हळू बोलायला लागले होते. "हे बघ. समेचं गाण्याला. शाळेला 'रेडी' म्हणायचं. आणि जाता जाता ऐक. रोल जपायचा असेल तर अंधाऱ्या, थंड जागी ठेव. उन्हाला दाखवू नकोस, दाखवलास की सगळे फोटो गेले."

भास्कर घरी आला. अंगणात बाजेवर आईने कुरडया वाळत घातल्या होत्या. आई म्हणाली, "भास्क्या, मी देवळात जाऊन येते. कुरडया जप हं."

त्याने जपल्या. ओल्या कुरडया उचलून माजघरातल्या ट्रंकेत ठेवल्या आणि वर घोंगडी टाकली.

संध्याकाळी आईने ट्रंक उघडली. कुरडयांचा लगदा झाला होता. "अरे मेल्या! जपायचं ते आधी कडकडीत उन्हात घालायचं! ऊन कमी पडलं की काळं पडतं. आणि नुसतं घालून होत नाही. उलटायचं, दोन्ही बाजूंनी लागलं पाहिजे!"

"चौगुलेकाकांनी हे सांगितलंच नाही," भास्कर म्हणाला. आईने नव्या कुरडया घातल्या.

शेवटची संध्याकाळ आली. निघण्यापूर्वी रेवतीने नवऱ्याला समोर बसवलं. "म्हणा."

"फास्ट रोल. मोठं तोंड. सावकाश शटर."

"आणि?"

"ओरडायचं नाही. सम आली की दाबायचं."

"आप्पा वाट बघतायत," ती म्हणाली. "माझ्यासाठी एवढं एकच करा."

समया लागल्या. रेवती गायला बसली. भास्कर खांबाला टेकून श्वास रोखून उभा. ती समेवर आली आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबली. त्याच्यासाठी. तबलजीला काही समजलं नाही. भास्करला समजलं. त्याने बटण दाबलं. पुन्हा सम, पुन्हा बटण. रोल पुरा झाला. कुणी ओरडलं नाही, कुणी दचकलं नाही, कॅमेरा हलला नाही. सगळं बरोबर झालं होतं. परतताना रेवती आपणहून बोलत होती.

सकाळी तिने विचारलं, "रोल चौगुल्यांकडे कधी नेताय?"

"आजच. वाळला की."

"काय वाळला की?"

तो तिला अंगणात घेऊन गेला. बाजेवर कुरडया होत्या. कुरडयांशेजारी, कॅमेऱ्यातून काढून सबंध उलगडलेली फिल्म कडकडीत उन्हात पसरली होती. उडू नये म्हणून दोन्ही टोकांना दगड.

"समयांचा उजेड तो केवढा! कमीच पडला असणार," भास्कर म्हणाला. "आप्पांना तू काळी दिसायला नकोस. म्हणून पहाटेच घालून ठेवली."

रेवतीने बाजेकडे पाहिलं. मग ती खाली बसली आणि एकेक कुरडई उलटू लागली.

"आणि फिल्म?" भास्कर म्हणाला. "अगं, तीही उलट की! आप्पांसाठी आहे."