ठकू कुंभारणीची बोळकी

आमच्या ओढ्याला वैशाखातही पाणी असायचं, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. तेव्हा आमच्या शेवंतवाडीत एखादीचं पोटातलं दोन-तीन महिन्यांतच गेलं, तर त्याचं नावही काढत नसत. सुतक नाही, रडणं नाही. दुसऱ्या दिवशी बाई खुरपं घेऊन शेतात. दोष मात्र तिलाच. जड हंडा उचललास, ग्रहणात विळी धरलीस! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

ठकू ही गावची कुंभारीण. तिची स्वतःची तीन अशीच गेली होती, असं म्हणतात.

एका वैशाखात सारजा नावाच्या नव्या सुनेचं अडीच महिन्यांचं गेलं. तिची सासू कोंडाबाई दारात उभी राहून ओरडली, "हिनंच कायतरी केलं आसंल. धाडा हिला म्हायेरी, दुसरी आनू!" सारजा खाली मान घालून बसली होती. बिचारीला ते खरंच वाटू लागलं होतं.

ठकूनं चाकावर लिंबाएवढं बोळकं काढलं आणि भर दुपारी सारजाला घेऊन ओढ्याकाठच्या उंबराखाली ते कच्चंच ठेवलं. म्हणाली, "समदीच मडकी आव्यात भाजायला पोचत न्हाईत, पोरी. कैक सुकता सुकताच तडकत्यात. त्यात घडवनारीचा काय गुन्हा?"

ही गोष्ट गावभर झाली. दुसऱ्या दुपारी गाव बघायला गेलं, तर उंबराखाली बोळकी मावेनात. ठकूचं चाक तर कालपासून फिरलंच नव्हतं. वारा नव्हता, पान हलत नव्हतं, तरी प्रत्येक बोळक्यातून बारीक हुंकार येत होता, असं म्हणतात. बाया थिजल्या. मग सारजा पुढे झाली, आणि मागोमाग एकेक बाई न चुकता आपापलं बोळकं उचलू लागली. आपल्याच घरात काय काय घडून गेलं, ते पुरुषांना त्या दिवशी कळलं.

शेवटी एकच उरलं. ते घरंगळत कोंडाबाईच्या पायाशी आलं. तिनं उचलताच त्याचा हुंकार थांबला. ते घेऊन ती सारजाजवळ जाऊन बसली.

"सारजे, माझं बी गेलं हुतं गं," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याच्या आदी. कुनाला बोललेच न्हाई मी."

सारजा माहेरी गेली नाही. ठकू मात्र पुन्हा कुणाला दिसली नाही. ती उंबरात शिरली, असं म्हणतात. मी काही पाहिलेलं नाही; पण दुपारी बाराला मी त्या वाटेनं जात नाही.

आजही आमच्याकडे कुणाचं असं गेलं, की तिला आधी दवाखान्यात नेतात आणि घरी आणून पाच दिवस कामाला हात लावू देत नाहीत. "काय केलंस?" असं कुणी विचारायचं नाही, ठकूची आण आहे. गावातली एखादी म्हातारी येते, तिच्या उशाशी बसते, आणि आधी आपलं सांगते.