चार बोटं कापड

एकदा एका नदीकाठच्या गावी तिघीजणी राहत होत्या. एक ठकूआत्या, कापड बेतण्यात आणि शिवण्यात ज्यांचे केस पिकले होते. दुसरी बकुळा, नावाड्याची बायको, आत्यांच्या हाताखाली शिवण शिकणारी. आणि तिसरी बकुळाची एकुलती एक लेक कुंदा, जी दिवसा वाढत होती तेवढीच रात्रीही वाढत होती. पाडव्याला पायघोळ असलेला परकर दसऱ्याला घोट्याच्या वर, असं तिचं चाललेलं.

कुंदा जन्मल्यापासून तिच्या अंगाला विकतचं वस्त्र लागलं नव्हतं. कुंची आईनं शिवली, झबली आईनं शिवली, परकर-पोलकी आईनं शिवली. वैशाखात देवीची जत्रा भरे, तेव्हा गावातल्या मुलांची सोंगं निघत. तीही आईच शिवी. एका वर्षी कुंदा पोपट झाली. एका वर्षी वांगं झाली. जांभळ्या लुगड्याचं गोल पोट, आत कापूस, डोक्याला हिरवं देठ. पोरगी देवळाच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली आली, उठून बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "फुटलं नाही गं आई वांगं!" सगळा गाव पोट धरून हसला. बकुळाही हसली, पण घरी जाताना तिची मान अशी ताठ होती की जणू पोरीला सिंहासनावर बसवून आणलं.

बकुळाला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती माप सुतळीवर गाठी मारून ठेवी. ही खांद्याची गाठ, ही कमरेची, ही घोट्याची. दर वर्षाची सुतळी वेगळी. सगळ्या सुतळ्या तिनं एका डब्यात जपल्या होत्या.

शिकवताना ठकूआत्यांचा एक नियम होता. परकराच्या घेरात, पोलक्याच्या दोन्ही बाजूंना, काखेखाली चार बोटं कापड आत दुमडायचं आणि त्यावर सैल धावदोरा घालायचा, असा की एक टोक ओढलं की सगळा सुटावा. कापडाची कड कापून टाकायची नाही. बकुळाला हा नियम आवडत नसे. बाहेरून एवढे मोत्यासारखे टाके घालायचे आणि आत असला ढिसाळ कारभार! पण सात वर्षं तिनं तो पाळला. का, हे तिनं विचारलं नाही आणि आत्यांनीही वेगळं सांगितलं नाही. हातांना सवय झाली की कारण विचारायचं राहूनच जातं.

बकुळाच्या शिकण्याच्या आठव्या वर्षी गावच्या पंचांनी देवीचं सोंग कुंदाला दिलं.

त्या गावात हा मोठा मान होता. देवी झालेली मुलगी बैलगाडीवर उभी राहायची. डोक्यावर देवीचा मुकुट, उजव्या हातात त्रिशूळ, हात डोक्याच्या वर. देवळापासून नदीपर्यंत हात खाली आणायचा नाही. ज्या घरची मुलगी हात खाली आणी, त्या घराला पुन्हा देवीचा मान मिळत नसे. नावाड्याच्या घरी हा मान आजवर कधी आलाच नव्हता. कुंदाच्या बापानं ते ऐकलं तेव्हा त्यानं नाव मधल्या पात्रातच थांबवली आणि उतारूंना म्हणाला, "थांबा जरा, मला नीट श्वास घेऊ द्या."

बकुळानं लालभडक खण आणला. महाशिवरात्रीच्या आधी माप घेतलं, कापड बेतलं, शिवायला बसली. परकर-पोलकं निम्मंअर्धं झालं असेल, तेवढ्यात गावातल्या शेठाणीबाई दारावरून चालल्या होत्या, त्या डोकावल्या. त्यांनी आपल्या मुलीला देवी करावं म्हणून पंचांच्या कानी दोनदा घातलं होतं आणि शहरातून जरीचा पोशाखही मागवून ठेवला होता. त्यांनी परकर उलटा करून पाहिला.

"अगंबाई! परकराच्या पोटात आणखी एक परकर? बकुळे, ही गोधडी शिवतेस की देवी सजवतेस?"

"आत्यांची रीत आहे ती," बकुळा म्हणाली.

"असेल बाई. घरी शिवलेलं म्हटलं की ते घरी शिवलेलंच दिसायचं."

शेठाणीबाई गेल्या, पण त्यांचं बोलणं बकुळाच्या कानातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिनं कात्री घेतली आणि आतलं सगळं कापड, चार बोटांच्या पट्ट्याच पट्ट्या, कापून टाकलं. मग कडांना असे बारीक टाके घातले की आत आणि बाहेर ओळखू येऊ नये. पोलकं कुंदाच्या अंगावर चढवलं तर ते अंगाचीच साल असावी तसं बसलं. बकुळा दोन पावलं मागे सरून बघतच राहिली.

संध्याकाळी ठकूआत्या आल्या. त्यांनी पोशाख हातात घेतला, आतून पाहिला, बाहेरून पाहिला.

"टाका सुरेख पडलाय," एवढंच म्हणाल्या. मग खाली वाकून केरातल्या लाल पट्ट्या एकेक करून उचलल्या, झटकल्या आणि आपल्या बटव्यात टाकल्या.

"कशाला हो आत्या, चिंध्या त्या."

"असू दे. म्हातारीला काहीतरी गोळा करायची खोड असतेच."

त्यानंतर दोन महिने बकुळानं तो पोशाख रोज अंगणातल्या दोरीवर टाकला. ऊन दाखवायला, असं ती म्हणे. खरं तर येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायला. कुणी थांबून वाखाणलं की तिला दोन भाकऱ्या जास्त जात. उन्हानं खण हळूहळू विटत चालला होता, पण रोज पाहणाऱ्या डोळ्यांना ते कुठलं दिसायला!

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी देवळाच्या आवारात पंचांपुढे सोंगांची तालीम असे. सगळा गाव जमला. कुंदा लाल परकर-पोलकं घालून गाडीवर चढली. थोरल्या पंचांनी हातात त्रिशूळ दिला. तिनं तो खांद्याइतका उचलला आणि तिथंच धरला.

"वर धर पोरी," थोरले पंच म्हणाले.

कुंदानं अंगठाभर वर केला.

"अगं देवी आहेस तू. कुणाला वाट दाखवायला कंदील धरला नाहीस. वर!"

"उद्या धरीन आजोबा," कुंदा खाली बघत म्हणाली. "आज हात दुखतोय."

लोकांत कुजबूज झाली. बकुळाचा चेहरा उतरला. हीच पोर घरी मुसळ दोन्ही हातांनी डोक्यावर फिरवत होती! शेठाणीबाईंनी आपल्या मुलीच्या अंगावरचा जरीचा पोशाख उगाच सारखा केला. थोरले पंच बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "आजच हात दुखतोय तर उद्या नदीपर्यंत कसा टिकायचा? दुसरी मुलगी बघावी लागेल."

तेव्हा ठकूआत्या गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी कमरेचा बटवा सोडला, त्यातून एक कैरी काढली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "कुंदे, झेल!"

आणि कैरी उंच भिरकावली.

अकरा वर्षांची पोर ती. तिचं भान सुटलं. त्रिशूळ डाव्या हातात गेला, उजवा हात आभाळात गेला, टाचा उचलल्या, आणि कैरी तिनं अशी झेलली की टाळ्या पडायच्या. पण टाळ्यांच्या आधी टर्र असा आवाज झाला. पोलकं दोन्ही काखांत फाटलं होतं.

मग कुणीतरी हसलं, आणि एकाच्या हसण्यानं दहा जण हसले.

बकुळा धावत पुढे आली. "आत्या! अहो, काय केलंत हे! माझा दोन महिन्यांचा जीव होता त्यात. वैरसुद्धा असं कुणी साधत नाही!"

आत्या कुंदाकडे पाहत होत्या. कुंदा गाडीवरून उतरली आणि आईच्या कमरेला बिलगली.

"मी जपत होते गं आई," ती हुंदके देत म्हणाली. "पंधरा दिवस जपत होते. घट्ट झालंय ते. तुला सांगितलं असतं तर तुझे टाके उसवावे लागले असते. तू सगळ्यांना दाखवत होतीस ना. म्हणून मी हात वरच करत नव्हते."

बकुळानं लेकीकडे पाहिलं. खांदे पुढे काढून, अंग चोरून उभी असलेली पोर. ती अशी कधीपासून उभी राहायला लागली, हे आईच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ठकूआत्या हळू आवाजात बोलल्या. आवाज हळू होता, पण पुढच्या रांगेतल्या बायकांनाही ऐकू गेला.

"बकुळा, तुझ्या शिवणीत खोट नाही. एवढा बारीक टाका मलाही या वयात घालता यायचा नाही. पण वस्त्रानं लेकरू सांभाळायचं असतं. तुझ्या घरी लेकरू वस्त्र सांभाळत बसलं. तू माप घेतलंस ते महाशिवरात्रीच्या कुंदाचं. ती कुंदा आता कुठे आहे? ती गेली, तिच्या जागी ही आली, आणि ही आईला वाईट वाटू नये म्हणून त्या जुनीच्या मापात मावायला बघते आहे. चार बोटं कापड आत ठेवायचं ते पुढे येणाऱ्या पोरीसाठी. ती कशी असेल ते आपल्याला ठाऊक नसतं, पण ती येणार हे ठाऊक असतं. तेवढी जागा तिला द्यायची."

"मग आधीच का नाही अडवलंत मला?" बकुळानं विचारलं.

"सात वर्षं अडवतेच आहे की!" आत्या म्हणाल्या, आणि रडता रडता बकुळाला हसू आलं.

मग तिनं डोळे पुसले, लेकीचा हात धरला आणि थोरल्या पंचांपुढे उभी राहिली. "आजोबा, उद्या सकाळपर्यंत वेळ द्या. उद्याही हिचा हात वर गेला नाही तर मी स्वतः मुकुट नेऊन शेठाणीबाईंच्या दारी ठेवीन."

थोरल्या पंचांनी कुंदाच्या हातातल्या कैरीकडे पाहिलं. "एवढ्या उंचीवर झेलली ना तिनं? दिला वेळ."

घरी आल्यावर आत्यांनी बटवा उपडा केला. केरातून उचललेल्या लाल पट्ट्या बाहेर पडल्या, जशा होत्या तशा.

बकुळानं सुतळी काढली आणि म्हणाली, "कुंदे, सरळ उभी राहा."

"सरळ कशाला?" आत्या म्हणाल्या. "उद्या ती सरळ हात सोडून उभी राहणार आहे का? घाल तिला आंब्याला लोंबकळत."

कुंदानं दारातल्या आंब्याच्या फांदीला दोन्ही हातांनी लोंबकळून पाय हलवले आणि बकुळानं लोंबत्या पोरीचं माप घेतलं. पोरगी गुदगुल्यांनी खिदळत होती, सुतळी निसटत होती, दोन गाठी चुकल्या, त्या पुन्हा मारल्या. काखेखाली पाचरीच्या आकाराचे तुकडे बसवायचे ठरले, आणि परकराच्या घेराला पट्टी.

तुकडा कापडावर ठेवल्याबरोबर बकुळा थबकली. बटव्यातल्या पट्ट्या लालभडक राहिल्या होत्या. उन्हात टांगलेला पोशाख विटून गुलबक्षी झाला होता.

"आत्या, जोड दिसेल हो. लांबून दिसेल."

"दिसू दे," आत्या म्हणाल्या. "पोर वाढली. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

बकुळानं तुकडा काखेला जुळवून धरला. मग सुई ओवली. उजेड असेतोवर दोघी समोरासमोर बसून शिवत राहिल्या, आणि दिवेलागणीला शेवटची गाठ पडली. जोडाच्या आत, उरल्यासुरल्या पट्टीतून, बकुळानं दोन बोटं कापड दुमडलं आणि त्यावर सैल धावदोरा घातला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आत्यांनी पाहिलं आणि पान लावायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी देवीची गाडी निघाली. कुंदानं उजवा हात उचलला तो सरळ आभाळाकडे. खांदे मागे, छाती पुढे, डोळे असे की बैलही दबून चालावेत. देवळाकडून बाजारात, बाजारातून शिंपी आळीत, तिथून उतरणीनं नदीकडे. उन्हं वाढली, कपाळावरून घाम ओघळला, पण हात खाली आला नाही. आणि हात वर असल्यामुळे काखेतला तो गडद लाल तुकडा साऱ्या गावाला लख्ख दिसत होता.

शेठाणीबाई कडेला उभ्या होत्या. "बकुळे," त्यांनी हाक मारली, "काखेत ते काय गं वेगळ्या रंगाचं?"

बकुळा गाडीबरोबर चालत होती. कालची बकुळा असती तर पदर पुढे ओढून निघून गेली असती. ती थांबली आणि सगळ्या वाटेला ऐकू जाईल अशी म्हणाली, "दोन महिन्यांत माझी लेक तेवढी वाढली, शेठाणीबाई! ते तिचं वाढणं आहे!"

नदीच्या काठावर बाप नाव घेऊन उभा होता. त्यानं लेकीला गाडीवरून उचलून नावेत घेतलं, तेव्हा कुठे त्रिशूळ खाली आला.

त्याच संध्याकाळी पंचांनी देवळाच्या पायरीवर बसून ठरवलं, की जत्रेतल्या सगळ्या सोंगांचे पोशाख यापुढे नावाड्याच्या घरी शिवले जातील आणि जत्रेचा पहिला नारळ त्या घरात जाईल. चार दिवसांनी शेठाणीबाईही आल्या, मुलीचा हात धरून. "हिचा जरीचा पोशाख पाटावर बसताना उसवला गं," त्या जरा ओशाळून म्हणाल्या. "तू शिव एखादा. आणि हे बघ, आत चांगलं चार बोटं कापड सोड."

बकुळानं सुतळी काढली. मुलीला म्हणाली, "जा, आधी आंब्याला लोंबकळ."

पुढे त्या घरात शिवणारे हात वाढले, ओसरी मोठी करावी लागली, आणि कुंदाही आईशेजारी बसून बेतू लागली. जुन्या सुतळ्या डब्यातून काढून तिनं दाराशी ओळीनं टांगल्या. पहिली सुतळी हातभर, शेवटची उंबऱ्यापासून चौकटीच्या माथ्यापर्यंत. येणाऱ्या-जाणाऱ्याला बकुळा आता पोशाख दाखवत नसे, त्या सुतळ्या दाखवी.

नावाड्याच्या घराला असे दिवस आले. आपल्याही घरात कुणी वाढत असेल, तर उद्या एकदा तिच्या खांद्यांकडे बघा, अंग चोरून उभी नाही ना.