गवंड्याचे घर आणि तीन हाका

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या पणजोबांचे पणजोबाही जन्माला आले नव्हते तेव्हा, एका राज्यात टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होते. गावाच्या वरच्या अंगाला एक मोठा तलाव होता. त्याच्याच पाण्यावर गाव जगायचे आणि पावसाळ्यात त्याच्याच बांधाकडे बघून घाबरायचे.

त्या गावात एक गवंडी राहत होता. सगळा जन्म त्याने दुसऱ्यांची घरे बांधण्यात घालवला. स्वतः मात्र कुडाच्या झोपडीत राहिला. लोक थट्टा करायचे, "गवंडीदादा, तुमच्या घरात पावसाळ्यात छत्री घेऊन जेवता म्हणे!" तो हसून सोडून द्यायचा. शेवटी पन्नाशी उलटल्यावर त्याने स्वतःचे घर बांधायला घेतले. दगड स्वतः फोडला, चुना स्वतः मळला. बायकोने डोक्यावरून पाणी वाहिले. सहा वर्षांनी घर उभे राहिले. लहानसेच होते, पण असे देखणे की वाटसरू दोन घटका थांबून बघायचे. गवंडी रोज सकाळी भिंतीवरून हात फिरवायचा. लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. लेकरू त्यांना नव्हतेच.

त्या वर्षी श्रावणात आठ दिवस पाऊस थांबलाच नाही. नवव्या दिवशी सकाळी बांधाच्या पायथ्यातून गढूळ पाणी पाझरू लागले.

कोतवालाने दवंडी पिटवली, "ऐका हो ऐका! सूर्य डोक्यावर यायच्या आत सगळ्यांनी टेकडीवर जायचे आहे. जो मागे राहील त्याला पंचवीस फटके बसतील आणि त्याचे घर सरकारजमा होईल!" कोतवाल वाईट नव्हता, पण माणसाला नीट वागायला लावायचे तर आधी घाबरवावे लागते, अशी त्याची पक्की समजूत होती.

चार शिपाई गावात फिरू लागले. घरात डोकवायचे, माणसे बाहेर काढायची, घर रिकामे झाले की दारावर चुन्याचा पट्टा ओढायचा, अशी त्यांची रीत होती. पट्टा दिसला की त्या घरात कोणी नाही, पुन्हा बघायची गरज नाही.

गवंड्याच्या दारात आलेला शिपाई तरुण होता, चार वर्षांपूर्वीच लग्न झालेला. तो म्हणाला, "गवंडीदादा, चला. वहिनी, तुम्हीही निघा."

"मी येत नाही," गवंडी म्हणाला. "दोन्ही दारांना आतून चिकणमातीचा बांध घातला, मोरीचं तोंड बुजवलं, तर हे घर पाण्याला दाद देणार नाही. पण त्याला आत माणूस पाहिजे. रिकामं सोडलं तर पाणी आत शिरून पाया खाईल."

"हुकूम आहे, दादा."

"हुकूम तुझ्या कोतवालाचा, घर माझं! जीवही माझाच. बुडालो तर मी बुडेन, तुझ्या बापाचं काय जातं?"

शिपाई रागावला नाही. म्हणाला, "बापाचं काही जात नाही. पण वर गेल्यावर मला माणसं मोजायची आहेत. एक जरी कमी भरलं, तरी मला परत यावं लागेल."

"नको येऊस. मीच सांगतोय ना, नको येऊस म्हणून."

"ते तुमच्या सांगण्यावर नाही, दादा." आणि तो पुढच्या घराकडे वळला. जाता जाता म्हणाला, "तयारी करा. माझी फेरी झाली की दोर घेऊन येतो आणि बांधून नेतो. मग मला नावं ठेवू नका."

आता गवंड्याने काय करावे? तुम्ही-आम्ही काय केले असते, देव जाणे. त्याने बायकोला सांगितले, "तू हो पुढे. माझा ओळंबा आणि थापी खालच्या आळीत राहिलीय. ती घेतो आणि तिकडून तसाच वर येतो." त्या भोळ्या बाईने विश्वास ठेवला. वाटेत शिपाई भेटला तेव्हा तिने 'मालक मागून येताहेत' असे सांगितले, म्हणून तो दोर घेऊन परत आलाच नाही. ती गेल्यावर त्याने आपल्याच घमेल्यातल्या चुन्यात बोटे बुडवली आणि आपल्याच दारावर पट्टा ओढला. पुढच्या दाराला बाहेरून कडी घातली, मागच्या दाराने आत शिरला आणि माती थापू लागला. मनात म्हणाला, कोणाचे काही बिघडवले नाही. आपले घर, आपला जीव.

टेकडीवर माणसे मोजली गेली. एक कमी भरला.

गवंड्याची बायको रडू लागली. "अहो, माझे मालक आले नाहीत. खालच्या आळीत अवजारं आणायला गेलेत."

तरुण शिपाई उठला. बाकीचे म्हणाले, "अरे, बांध कधीही फुटेल." तो म्हणाला, "म्हणून तर आत्ताच जायला हवं." आणि उतरणीने धावत सुटला.

गवंडी मोरीत मातीचे गोळे दाबत होता, तेव्हा बाहेर हाक ऐकू आली.

"गवंडीदादा!"

त्याचे हात थांबले. आला हा दोर घेऊन, त्याला वाटले. पंचवीस फटके आठवले. घर सरकारजमा होईल, हे तर त्याहून जास्त टोचले. तो श्वास रोखून बसला.

"अहो गवंडीदादा!" आता आवाज अगदी दाराशी होता. मग शिपाई आपल्याशीच बोलला, "पट्टा ओढलाय. जोडीदारानं बघितलं असणार. म्हणजे खालीच असतील अजून."

आणि पावले खालच्या आळीकडे गेली. गवंड्याला कळले, हा आपल्याला शोधायला सखल भागात चालला आहे. त्याचे ओठ उघडले. नुसते 'अरे' म्हटले असते तरी पुरले असते.

तिसरी हाक लांबून आली, पावसात अर्धी विरलेली. गवंड्याने ओठ मिटले. त्याने मातीचा आणखी एक गोळा उचलला आणि मोरीत दाबला.

थोड्याच वेळात बांध फुटला.

घर मात्र गवंड्याने म्हटले होते तसेच उभे राहिले. पाणी खिडकीपर्यंत चढले, भिंतींवर धडका देत राहिले, पण एक दगड हलला नाही. पाणी ओसरले तेव्हा गवंडी पोटमाळ्यावरून उतरला आणि क्षणभर, खोटे कशाला सांगू, त्याची छाती अभिमानाने फुगली. मग चिखल तुडवत बायको आली. त्याला पाहून ती रडली, हसली आणि तिने विचारले, "अहो, शिपाईदादा कुठं आहेत? तुम्हालाच आणायला गेले होते ना?"

शिपाई दुसऱ्या दिवशी सापडला. खालच्या आळीपलीकडच्या चिंचेच्या मुळांत अडकला होता.

गवंडी स्वतःहून चावडीवर गेला. त्याने सगळे सांगितले, पट्ट्याचेही आणि हाकांचेही. कोतवालाने चाबूक उचलला आणि विचारले, "ओ का दिली नाहीस? फटक्यांच्या भीतीनं?"

"अर्धं भीतीनं," गवंडी म्हणाला, "आणि अर्धं हट्टानं."

कोतवालाचा हात तसाच राहिला. आपल्या दवंडीतले शब्द त्याला आठवले असावेत. त्याने चाबूक खाली ठेवला. पुढे कोणत्याही पुरात त्याने फटक्यांची दवंडी पिटवली नाही. पण गेलेला माणूस तेवढ्याने परत आला नाही.

मग गवंडी शिपायाच्या घरी गेला. शिपायाची बायको उंबऱ्याशी बसली होती. त्याने किल्ली तिच्या पायाशी ठेवली. "पोरी, माझं घर घे. आम्ही आमच्या जुन्या कुडात राहू."

तिने किल्लीकडे पाहिलेही नाही. "घर नको, बाबा. मला एकच सांगा. त्यांनी तुम्हाला किती हाका मारल्या?"

गवंडी म्हणाला, "तीन."

"तीन," ती म्हणाली. "तीनदा ऐकलंत." आणि तिने दार लावून घेतले.

गवंडी त्या घरात पुन्हा राहू शकला नाही. भिंती जाड होत्या, दारे पक्की होती, पण त्याला आत बसले की बाहेरून कोणीतरी बोलावतेय असे वाटायचे, आणि तो 'ओ, आलो' म्हणत धावत बाहेर यायचा. बाहेर कोणी नसायचे. उरलेले आयुष्य त्याने कुडाच्या झोपडीत काढले.

लहानांनो आणि थोरांनो, यातून घ्यायचे ते एवढेच: आपला जीव पणाला लावण्याआधी माणसाने पाहावे, आपल्याला शोधायला कोण येणार आहे.