पाहुण्याच्या काड्या

"मग माझ्यात उणं काय आहे, सिफू?"

चार महिने पोटात ठेवलेला प्रश्न यशोधनने अखेर विचारलाच.

टेबलावर वाफवलेला मासा नुकताच आला होता. त्याच्यावरचे आल्याचे काप लाम सिफू सारखे करत बसले.

सिफू म्हणजे उस्ताद. हाँगकाँगच्या एका जुन्या वस्तीत त्यांचं लहानसं हॉटेल होतं, आणि मासा वाफवावा तर लाम सिफूंनीच, असं आसपासचे लोक म्हणत. दुपारी तीनला गिऱ्हाईक पांगलं की सगळे कामकरी गोल टेबलाभोवती जेवायला बसायचे.

यशोधन रेगे मूळचा वेंगुर्ल्याचा. विद्यापीठात शिकायला आला आणि पहिल्याच महिन्यात इथे येऊन हा मासा खाल्ला. मासे खाऊनच वाढलेला गडी, पण त्या दिवशी गप्पच झाला. पुढच्याच रविवारी थेट सिफूंसमोर उभा. मला शिष्य करून घ्या.

"आधी आमच्याबरोबर जेवत जा," सिफू म्हणाले होते. "मग बघू."

झालं! पठ्ठ्या जिद्दीला पेटला. जेवायच्या आधी वाट्या गरम चहाने विसळायच्या, हे शिकला. चहा आधी वडीलधाऱ्यांना ओतायचा, स्वतःला शेवटी. आपल्याला कुणी ओतला, तर दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवून आभार मानायचे. माशाची वरची बाजू संपली तरी मासा उलटायचा नाही, नाहीतर कोळ्याची होडी उलटते म्हणे. सगळं पाठ. पोरगं हुशारच होतं, फक्त त्याला स्वतःलाही ते जरा जास्त ठाऊक होतं.

"एक तरी चूक सांगा, सिफू."

"एकही नाही, रेगेसाहेब."

"चार महिन्यांत?"

"चार महिन्यांत."

"मग मला शिष्य का करून घेत नाही?"

"पाहुण्याकडून चूक होत नाही," सिफू म्हणाले.

यशोधनला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. पण तो पुढे काही बोलणार तेवढ्यात फाँगबाईंनी ताटलीत हात घातला.

फाँगबाई मासे साफ करायच्या. वय साठीच्या पुढे, तोंडाने फटकळ. चांगला तुकडा हुडकायला त्यांनी जेवायच्या काड्यांनी मासा इकडून तिकडे ढवळला.

"कोंबडीसारखी उकरतेस काय!" सिफू कडाडले. "तीस वर्षं झाली, तुला काही वळण म्हणून लागलं नाही."

"तुम्हीच वाढा मग," फाँगबाई म्हणाल्या.

सिफूंनी पुटपुटत आपल्या काड्यांनी एक जाडसर तुकडा उचलला आणि फाँगबाईंच्या वाटीत टाकला. त्याच काड्यांनी त्यांनी आत्ताच भात खाल्ला होता.

मग त्या काड्या खाली ठेवून त्यांनी बाजूच्या लांब, कोरड्या काड्या उचलल्या. त्यांनी माशाच्या गालाचा तुकडा, म्हणजे अख्ख्या माशातला सगळ्यात मऊ घास, अलगद काढला आणि यशोधनच्या वाटीत ठेवला.

"घ्या, रेगेसाहेब."

यशोधन त्या लांब काड्यांकडे बघत राहिला...

आपल्यासाठी खास वेगळ्या काड्या मांडतात, हे त्याने आईला फोनवर केवढ्या ऐटीत सांगितलं होतं. मान आहे म्हणाला होता आपल्याला इथे. आता त्याने टेबलाभोवती नजर फिरवली. भांडी घासणाऱ्यापासून हिशेबनिसापर्यंत कुणापुढेच तसल्या काड्या नव्हत्या.

त्याचा चेहरा उतरला.

"सिफू... तुमच्याबरोबर जेवायला बसलो त्या पहिल्या रविवारी तुम्ही आपल्या काड्यांनी मला वाढायला आलात, तेव्हा मी वाटीवर हात धरला होता."

"हो."

"आमच्या घरी उष्टं चालत नाही. आई फार कडक आहे. हात आपोआप गेला."

"मला वाटलंच. त्यात गैर काही नाही." सिफूंचा आवाज मऊ होता. "म्हणून तर वेगळ्या काड्या आणल्या."

"त्या तेव्हापासून आहेत?"

"तेव्हापासून."



यशोधन उठला. त्याने लांब काड्या उचलल्या, मोरीपाशी नेल्या आणि खरकट्या भांड्यांत टाकून दिल्या. परत येऊन बसला. गालाचा तुकडा त्याने तसाच फाँगबाईंच्या वाटीत सरकवला आणि आपली रिकामी वाटी दोन्ही हातांनी सिफूंपुढे धरली.

खोटं कशाला सांगा, घशाशी जुनी शिसारी आली होती. तरी त्याने वाटी मागे घेतली नाही.



सिफूंनी आपल्या काड्या उचलल्या. त्यांची टोकं एकदा ओठांत धरून साफ केली. शेपटीकडचा तुकडा घेतला, सगळा काट्यांचा, वर आल्याची एक जाड चकती, आणि धपकन वाटीत टाकला.

यशोधनने डोळे मिटून तो तोंडात घातला.

मासा आतून अजून कढत होता. जीभ पोळली, नाका-डोळ्यांतून पाणी आलं. पण चव! तीच, पहिल्या दिवसाची. त्याला एकदम हसू फुटलं. का, ते त्यालाही कळलं नाही. तोंडातला घास न गिळताच त्याने किटली ओढली, आपला कप काठोकाठ भरला आणि घटाघटा प्यायला.

खाडकन त्याच्या बोटांवर सिफूंच्या काड्या बसल्या.

"आधी फाँगबाईला ओत, गाढवा! चार महिने जेवतोयस इथं, एवढंही शिकला नाहीस?"