दहावी पायली

ईदच्या नमाजाआधी माझी लेक इफ्फत शेजारच्या घरी फित्र्याचा, म्हणजे ईदच्या आधी गरजूंच्या घरी द्यायचा, तांदूळ पोहोचवून आली आणि खट्टू होऊन म्हणाली, "अम्मी, त्यांनी थँक्यू म्हटलंच नाही." त्या एका वाक्याने माझी झोप उडाली. पोरगी द्यायला शिकली, की दिल्याचा तोरा मिरवायला शिकली? मुलं कशी वाढवावीत यावरची दोन जाडजूड पुस्तकं घरात आहेत, पण दोन्हींत फित्रा नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी तिची वेणी घालता घालता मी एक गोष्ट रचायला घेतली. जमली की नाही, देव जाणे.

खाडीच्या काठी, गवताच्या छपराखाली मुनीरा नावाची एक मुलगी आईबरोबर राहायची. आई दिवसभर माडाची झापं विणायची, तरी चुलीवर नुसती पेज, आणि तीही इतकी पातळ की वाटीत आभाळ दिसावं. सुगी झाली की शेजारच्या हुरमत खाला, म्हणजे हुरमत मावशी, सुपातून भात आणायच्या. खालांचा हात मोठा होता, आणि आवाज हाताहून मोठा. "घे गं, पोरीला चार घास होतील," असं म्हणून त्या जायच्या, ते थेट विहिरीवर. तिथे सगळ्या बायकांना सांगायच्या, "त्यांची चूल माझ्याच भातावर पेटते."

आई घागर भरून, मान खाली घालून परत यायची. मुनीराला भूक सोसायची. आईची ती वाकलेली मान सोसायची नाही.

एका सकाळी परसातल्या अनंताच्या झाडाखाली एक इवलासा निळा पक्षी धापा टाकत पडला होता. मुनीराने आपल्या वाट्याची पेज करवंटीत ओतून त्याच्यापुढे ठेवली. पक्ष्याने चोच बुडवली आणि झाड आतून उजळलं. करवंटीच्या काठावर एक चिमुकली परी बसली होती. तिचे पंख मोरपिशी, पायांत दवाचे पैंजण, केसांत सोनेरी धुळीची चमचम.

"काय हवं तुला, बाळ?"

"माझ्या आईची मान वर राहू दे."

परी म्हणाली, "मान मला देता येत नाही. भात देता येतो, वर्षभर खाऊन उरेल इतका. पण त्याला एक अट आहे. मळणी झाली की पायलीने मोजायचं. नऊ पायल्या तुझ्या. दहावी तुझी नाही. ज्यांच्या घरी पुरत नाही, त्यांची ती. पाणी शेंदून घातलं असतंस तर विसावी पुरली असती. पण हे पीक आभाळाच्या पाण्यावर वाढणार, म्हणून दहावी."

"माझी नाही, तर माझ्याकडे कशाला?"

"पोहोचवायला," परी म्हणाली.

परसात भात उगवला. मोत्यांसारख्या टपोऱ्या लोंब्या, सकाळी गुलाबी, दुपारी सोनेरी. त्याच वर्षी खाडीचा बांध फुटला आणि हुरमत खालांच्या शेतात खारं पाणी शिरलं. एक काडीसुद्धा हाताला लागली नाही.

मळणी झाल्यावर मुनीराने दहावी पायली शिगोशीग भरून सुपात ओतली. सूप डोक्यावर घेतलं आणि मुद्दाम विहिरीवरून गेली.

"खाला, घ्या. आमच्या घरचा आहे," ती सगळ्या बायकांदेखत म्हणाली.

खालांनी सूप घेतलं. त्यांची मान हळूहळू खाली गेली. मुनीराला क्षणभर गूळ खाल्ल्यासारखं वाटलं.

घरी येऊन बघते तर कणगीतला सगळा भात राखेसारखा करडा झालेला, हाताला खड्यांसारखा टोचणारा. आई कणगीशी सुन्न बसली होती. अनंताखाली परी होती, तिच्या पंखांचा रंग उतरलेला.

"अट मोडलीस, बाळ."

"मी पायली पुरती भरली होती."

"हो. पण वाटेत किंमत वसूल केलीस. खालांची मान वाकवून घेतलीस."

"त्या माझ्या आईची वाकवायच्या."

"हो," परी म्हणाली.

मुनीरा बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग उठली आणि मागच्या वाटेने खालांच्या घरी गेली. खालांनी आणून टाकलेलं सूप दारातच पडलं होतं, भाताला कुणी हातही लावला नव्हता.

"खाला, मी विहिरीवर खोटं बोलले. हा भात आमचा नव्हता. तुमचाच होता. आमच्या भातात मिसळून आला होता, तो वेगळा काढून आणला."

"माझा?"

"तुमच्या हक्काचा."

खाला तिच्याकडे बघत राहिल्या. "मग दारात कशाला पडलाय? आत ठेव, कोंबड्या टोचतायत."

मुनीराने सूप आत ठेवलं. खालांनी मूठभर दाणे हातात घेतले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "म्हणजे मी तुमच्याकडे आणायची, तो भात…"

"आईचाच होता," मुनीरा म्हणाली.

खाला डोक्यावर पदर घेऊन निघाल्या. मुनीराच्या दारात उभ्या राहून तिच्या आईला म्हणाल्या, "बाय, इतकी वर्षं तुझं तुला देत होते आणि माझं म्हणून सांगत होते. माफ कर मला."

आईने मान वर केली. "बसा, खाला. पेज टाकते," ती म्हणाली.

कणगीत एक दाणा चमकला, मग दुसरा, मग सगळा भात मोत्यांसारखा लखलखला. परसात पांढराशुभ्र उजेड पसरला, दवाचे पैंजण एकदाच वाजले आणि परी त्या उजेडात विरून गेली.

वेणीला रिबीन बांधून झाली होती. आता इफ्फत काहीतरी शहाण्यासारखं बोलेल, म्हणून मी श्वास रोखून बसले होते. तिने आधी स्वयंपाकघराच्या फळीवरच्या डब्यांकडे पाहिलं, मग माझ्या कपाटाकडे, मग स्वतःच्या खेळण्यांच्या टोपलीकडे.

"अम्मी," ती म्हणाली, "आत्ता आपल्या घरात कुणाकुणाचं काय काय आहे?"