भिवरा, सोमा आणि दिवसाला एकच मंत्र

सरका गं जरा, पाय पोटाशी घ्या. आज दिवसभर फासे टाकत होतात ना तुम्ही? 'मी योद्धा, तू चोर, तो जादूगार!' सगळं ऐकू येत होतं मला. आता हे योद्धे, चोर, जादूगार होतात कसे, ते ऐका.

एक होतं राज्य. राजा नव्हता बरं का, राणी होती. हेमाई तिचं नाव. तिच्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी पाथरवटांचं एक गाव होतं. एके दिवशी काळकड्यावरचा राक्षस खाली उतरला आणि गावातली चाळीस माणसं उचलून घेऊन गेला. कशाला? तर त्याला किल्ला बांधून हवा होता! राणीनं फौज पाठवली. पण घोड्यांच्या टापा राक्षसाला तीन कोसांवरून ऐकू यायच्या. वरून तो हे एवढाले धोंडे लोटायचा. फौज आली परत.

असं वर्ष गेलं. मग राणीनं दवंडी पिटवली, "कोण जाईल?" तिघंच आले.

पहिली भिवरा, लोहाराची लेक. राणीनं विचारलं, "तलवार कुणी शिकवली गं?"

"गोष्टीनं, राणीसरकार. माझी आजी दळताना सांगायची. एका बाईनं म्हणे एकटीनं दिवसभर खिंड अडवली होती. ते ऐकलं आणि मला दुसरं काही सुचेचना."

मग आला सोमा. किडकिडीत, लांब बोटांचा. तो होता चोर! दरबार खो खो हसला. सोमा म्हणाला, "लहानपणी एका बहुरूप्यानं सांगितलं होतं. एक चोर होता, तो सोन्याला हात लावायचा नाही. निरपराध माणसं कोंडली असली, की तिथल्या किल्ल्या तेवढ्या चोरायचा. त्याच्यासारखं व्हायचं म्हणून मी कुलपं शिकलो." मग नाही हसलं कुणी.

मग काठी टेकत आले नागेशभट. त्यांनी वाळवी लागलेल्या पोथीत एका जुन्या मांत्रिकाची कथा वाचली होती. त्याचा मंत्र एकदा म्हटला की डोक्यातून उडून जायचा, पिंजऱ्यातून पोपट उडावा तसा. नागेशभटांचंही तसंच होतं. रोज सकाळी पोथी उघडायची आणि मंत्र घोकायचा. दिवसाला एकच!

निघाले तिघं. नागेशभटांनी त्या सकाळी झोपेचा मंत्र घोकला होता. राक्षस दुपारी जेवून घोरायचा, तीच वेळ त्यांनी धरली. मध्येच जागा झाला, तर मंत्र होताच.

वर चढताना लागली एक चिंचोळी खिंड. खिंडीत राक्षसाचा लांडगा, बैलाएवढा! भिवरानं ढाल पुढं धरली. "तुम्ही व्हा पुढं. याला मी बघते." आणि पाय रोवून उभी राहिली.

मग किल्ला आला. कोठडीला भोपळ्याएवढं कुलूप. सोमानं कान लावला, तार घातली. टक. पुन्हा टक. घामानं बोटं निसटत होती, तरी सोडलं नाही त्यानं. तिसऱ्यांदा खट्ट झालं आणि दार उघडलं. चाळीसच्या चाळीस माणसं बाहेर आली, ओठांवर बोट ठेवून.

दरवाज्याशी पोचतात तो काय! खाली खिंडीत भिवरा गुडघ्यावर आलेली, ढाल फुटलेली. आणि मागून धप, धप, धप... राक्षस उठला होता!

मंत्र तर एकच.

सोमा म्हणाला, "काका, राक्षसावर टाका! एवढी माणसं आहेत!" खालून भिवराही ओरडली, "माझं सोडा, काका!"

"जी आपल्यासाठी उभी राहिली, तिला कशी सोडू?" असं म्हणून म्हाताऱ्यानं लांडग्याकडं बोट केलं. लांडगा उडी घेता घेता धपकन पडला आणि घोरायला लागला. मंत्र गेला उडून. नागेशभट मटकन खाली बसले.

तेव्हा पुढं आली काशी. त्या चाळिसांतलीच एक पाथरवटीण. म्हणाली, "उठा भटजी. मंत्र गेला तर जाऊ दे. या दरवाज्याची कमान मी बांधलीय. बाहेर यायला मिळालं तर असू दे, म्हणून एक पाचर कच्ची ठेवली होती."

सगळी दरवाज्याबाहेर पळाली. काशी तेवढी थांबली, हातोडा घेऊन. राक्षस कमानीखाली आला मात्र, तिनं पाचरीवर घाव घातला आणि बाजूला उडी मारली. धडाडधूम! अख्खी कमान त्याच्या डोक्यावर. संपला राक्षस.

भिवराला खांद्यावर घेऊन सगळी डोंगर उतरली. राणी अनवाणी वेशीपर्यंत आली. चौघांना तिनं वाकून नमस्कार केला. हो, राणीनं!

मग काशी घरी गेली. तिला नेलं तेव्हा लेक पाळण्यात होती. आता दुडुदुडु चालत होती. आईला ओळखेचना, दाराआड लपली. काशीनं हाक नाही मारली. नुसती उंबऱ्यावर बसून राहिली. बऱ्याच वेळानं पोर आली, आईचे खरखरीत हात चाचपले, आणि चढून मांडीवर बसली. बसल्या बसल्या झोपलीसुद्धा.

मग ती सगळी सुखानं नांदली. मिटा बघू डोळे.